बेलफास्टची ब्लॅक टॅक्सी टूर, जमलं तर नक्की करा
उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला कॅथलिक-प्रोटेस्टंट हिंसाचाराच्या जागा टॅक्सीतून दाखवणारी ही टूर करून आठवडा झाला पण डोक्यातून जात नाहीये. ड्रायव्हर काका तिथलेच, ४ डिसेंबर १९७१ ला मॅकगर्क्स बारमध्ये यूव्हीएफच्या (ब्रिटनसोबत राहू पाहणारी प्रोटेस्टंट सशस्त्र संघटना) बॉम्बने १५ साधी माणसं गेली आणि वर पोलिसांनी आयआरएचाच (ब्रिटनपासून वेगळं होऊन आयर्लंड एक करू पाहणारी, मुख्यतः कॅथलिकांची सशस्त्र संघटना) बॉम्ब आत फुटला असं पसरवलं हे सांगितलं, मग प्रोटेस्टंट वस्तीतल्या शँकिल रोडवर १९९३ ला आयआरएने मासळीच्या दुकानात केलेला स्फोट, त्यात दोन लहान मुलीही गेल्या, तेही तितक्याच कळवळ्याने. कुणाचीच पाठराखण नाही, हे फार आवडलं.

बॉम्बे स्ट्रीटवर मागच्या अंगणांवर चक्क लोखंडी जाळ्या आहेत हो, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतीपलीकडून काही येऊन पडू नये म्हणून, आणि एका जाळीखाली पोरांची सायकल. भिंतीवर सही करायला मार्कर दिला, माझा हातच उचलेना.