छताला हात लावण्याआधी चुंबक लावा

सिडनीत शंभर वर्षांचं घर घेतलेल्या एका मराठी कुटुंबाला खोल्यांच्या आतल्या, नक्षीदार पत्र्याच्या छताच्या कामात कसं गंडवलं गेलं, ते इथे मुद्दाम तपशिलात देत आहोत. कोटेशन एका ओळीचं होतं: ‘खराब भाग मूळ जुन्या पत्र्यांनी बदलणे, बाकी छत खरवडून रंगवणे.’ कुठला धातू, कुठला प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), जुन्या रंगाचं काय करणार, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

ही छतं म्हणजे ठशांमध्ये दाबून नक्षी उठवलेले पत्रे, लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकलेले. सिडनीत 1880च्या दशकात अर्नेस्ट वुंडरलिख या उद्योजकाने ती रुजवली, तेव्हा पत्रा जस्ताचा असे. टाउन हॉलच्या 1889मध्ये पुऱ्या झालेल्या मोठ्या सभागृहालाही जस्ताचंच छत बसवलं, कारण तिथल्या अजस्र ऑर्गनच्या कंपनाने प्लास्टर खाली येईल अशी धास्ती होती. पुढे स्टील आलं. त्यामुळे जुन्या घरात दोन्हींपैकी काहीही असू शकतं, आणि रंगाच्या आठ-दहा थरांखाली दोन्ही सारखीच दिसतात. स्टीलला चुंबक चिकटतो, जस्ताला नाही. चुंबक मात्र जोरकस हवा. फ्रिजवर लावायचा इथे कामाचा नाही.

या घरातलं छत स्टीलचं होतं आणि गळतीने चार पत्रे गंजले होते. कंत्राटदाराने आणलेल्या पत्र्यांना चुंबक चिकटेना, तेव्हा तो म्हणाला, ‘हे जस्ताचे, तुमच्यापेक्षा जुने, कधी गंजणार नाहीत.’ निघाले नवे अॅल्युमिनियमचे. ते नुसते तोलले असते तरी कळलं असतं: 900 × 1800 मिमीचा अर्धा मिमी जाडीचा पत्रा अॅल्युमिनियमचा असेल तर साधारण 2.2 किलो, जस्ताचा 5.8 किलो. घरातला वजनकाटा पुरतो.

पत्रा उलटा करून पाहणं त्याहून सोपं. जुन्या पत्र्याच्या कडेला खिळ्यांची भोकं ओळीने असतात. स्टील असेल तर प्रत्येक भोकाभोवती गंजाचं कडं. पाठ धुळीने काळवंडलेली आणि पट्टी टेकत होती तिथे आडवा उजळ पट्टा. या चार पत्र्यांना पुढून तडकलेला पिवळट रंग चढवला होता, पण पाठ चकचकीत आणि भोक एकही नाही. वर नक्षीही जुळेना. जुन्या नक्षीच्या चौकटी सहा इंचांच्या, म्हणजे 152.4 मिमी, नव्याच्या बरोबर 150. सहा चौकटींत 14 मिमीचा फरक पडला आणि तो लांबी (पुट्टी) भरून लपवला. नवा अॅल्युमिनियमचा पत्रा स्वतः वाईट नाही, स्वयंपाकघरात तर उत्तमच. पण तो नवा म्हणून, नव्याच्या भावात घ्यावा.

रंगकामात पैशांपेक्षा मोठं नुकसान झालं. 1970 पूर्वीच्या घराच्या रंगात शिसं आहे असं धरूनच चालायचं असतं. इथे यंत्राला घासायची चकती लावून कोरडं घासलं आणि ती धूळ घरभर बसली. लहान मुलं असलेल्या घरात हे अक्षम्य आहे. रंग घट्ट असेल तर तो खरवडायचाच नाही. धुऊन वरून रंगवायचा. सुटलेले पापुद्रे पाणी मारून ओलेच खरवडायचे, खाली जाड प्लास्टिक अंथरून, आणि सफाई हेपा फिल्टरच्या, म्हणजे अतिबारीक धूळही अडवणाऱ्या व्हॅक्यूमनेच. पत्रा उतरवायचा असेल तर आधी वरच्या पोकळीतली धूळ काढून घ्यावी लागते. तिच्यातही शिसं साठलेलं असतं आणि पहिला खिळा उपटला की ती डोक्यावर येते.

घासून उघड्या पडलेल्या स्टीलवर त्याने थेट पाण्याचा रंग मारला. तपकिरी ठिपके वर यायला आठवडाही लागला नाही. उघड्या स्टीलला गंजरोधक प्रायमर त्याच दिवशी लागतो. जस्ताचं उलट: तेलाच्या रंगाशी त्याची रासायनिक क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. म्हणून धातू न विचारता प्रायमरचं नाव सांगणाऱ्याला काम देऊ नये.

न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, मजुरी-सामान धरून 5,000 डॉलरांवरच्या घरकामाला परवाना आणि लेखी करार लागतो, आणि इसार 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. या कंत्राटदाराने एकाच कामाची 4,800ची दोन बिलं केली आणि निम्मे पैसे आधीच उचलले. परवाना क्रमांक सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो.

उतरवलेले पत्रेही तो ‘टाकून देतो’ म्हणत घेऊन गेला. चारांपैकी दोन फक्त कडेला गंजलेले होते, आणि जुन्या सामानाच्या बाजारात अशांना गिऱ्हाईक असतं. काढलेला प्रत्येक पत्रा मालकाकडेच राहील, ही ओळ करारात आधी लिहून घ्या.