सळईचा डिजिटल थर्मामीटर: खानावळीला चालेल, मंगल कार्यालयाला तोकडा

अन्न आतून किती गरम आहे ते मोजणारी, चारशे रुपयांच्या आसपास मिळणारी वस्तू. १२ सेंटिमीटरची स्टीलची सळई, वर बटण सेल. सांगलीच्या विश्रामबागेतल्या मेसला किंवा घरून डबे देणाऱ्यांना एवढी पुरते.

घेतल्याबरोबर तपासून बघा. ग्लासभर कुटलेला बर्फ, फटी भरतील इतकंच पाणी; ढवळून दोन-तीन मिनिटांनी सळई मधोमध धरा, तळाला टेकू देऊ नका. शून्याच्या अलीकडे-पलीकडे एक अंश चालेल, जास्त फरक दिसला तर बदलून घ्या. उकळत्या पाण्यात मात्र १०० दिसले नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडू नका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. आकडा स्थिरावायला दहा-पंधरा सेकंद लागतात. घाईत सळई टोचून लगेच काढणाऱ्यांचं वाचन हमखास चुकतं.

रटरटणाऱ्या रश्शात थर्मामीटर घालून काही कळत नाही, तो ७५ च्या वर असतोच. खरं काम गॅस बंद केल्यावर. अख्खा मसूर वाढून होईपर्यंत ६० च्या खाली येता कामा नये. उरलेला ६० वरून २१ वर दोन तासांत, आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. वीस लिटरचं पातेलं झाकून ठेवलं तर कडेला हात लावून कोमट लागतं, पण सळई मध्ये घातली की तासन्‌तास ४०-४५ दिसतात. मटणाच्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू याच उष्णतेला सर्वांत झपाट्याने वाढतो, त्यात पातेल्याच्या पोटात हवा नसते हेही त्याच्या पथ्यावर. म्हणून दोन-तीन इंच खोलीच्या ट्रेमध्ये ओतून गार करा. भाताचं वेगळंच: बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं चिवट सुप्त रूप, शिजवूनही तगतात, आणि रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात त्याने केलेलं उलट्यांचं विष सकाळच्या फोडणीने जात नाही. तिथे आकडा कितीही चांगला दिसो, भात टाकून द्या.

उणीव एकच पण मोठी. पन्नास लिटरच्या पातेल्यात ही सळई मध्यापर्यंत पोचत नाही, आणि वाफेने वरची काच धुरकटते. आचाऱ्यांनी वायरवाला, लांब सळईचा घ्यावा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड नको, तो फक्त वरचा थर मोजतो. कच्च्या मटणातून काढलेली सळई धुऊन, स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसरीकडे घालू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

सोबत वही ठेवा: पदार्थ, वेळ, अंश. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ टाकून, दोन दिवस फ्रिजमध्ये. कुणाला बाधा झालीच तर उरलेलं फेकू नका. खाणाऱ्यांनीही अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर कळवावं: काय खाल्लं, किती जणांना त्रास झाला, बिलावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक, आणि मुख्य म्हणजे किती तासांनी. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर संशय आधी तयार झालेल्या विषावर जातो. आठ-बारा तासांनी कळा येऊन जुलाब लागले तर रश्शाच्या पातेल्यावर.