हिरव्या बटणांना वळसा : विंगेट वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात वाचकांसाठी सहा संगणक आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे असते. गेल्या वर्षी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाकडची व्याख्यानाची चित्रफीत उघडेना, म्हणून त्याने चित्रफिती चालवणारा व्हीएलसी हा मोफत प्रोग्रॅम शोधला आणि समोर आलेल्या एका डाउनलोड संकेतस्थळावरचे सर्वांत मोठे हिरवे बटण दाबले. संगणकात व्हीएलसीऐवजी ‘ड्रायव्हर (संगणकाचे भाग चालवणारी सॉफ्टवेअरे) दुरुस्त करून देणारा’ एक प्रोग्रॅम उतरला. त्याने दोनच मिनिटांत डझनावारी दोष शोधून काढले आणि ते दूर करण्यासाठी पैसे मागायला सुरुवात केली. ‘सर, मी डाउनलोडवरच क्लिक केलं होतं,’ असे तो मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्याचे म्हणणे खरेच होते. त्या दिवसापासून वाचनालयात विंडोजबरोबर येणारे, आज्ञा टाइप करून प्रोग्रॅम उतरवून बसवणारे विंगेट हे साधन वापरायला मी सुरुवात केली. हा अभिप्राय त्या वर्षभराच्या वापरावर आधारलेला आहे.

विंगेटची गरज का भासते हे कळण्यासाठी अशी डाउनलोडची पाने कशी चालतात हे आधी पाहायला हवे. डाउनलोड संकेतस्थळ पानावरची मोकळी जागा जाहिरातींच्या दलाल यंत्रणांना विकते आणि त्या जागेत जाहिरातदार आपल्या मालाचे नावही न लिहिता केवळ बाण काढलेले एक बटण बसवतो. पानावर अशी तीन-चार बटणे असतात, आणि ज्याच्यासाठी आपण आलो तो खरा दुवा बहुधा बारीक अक्षरांत खाली दडलेला असतो. खूण पटवायची तर बटणाच्या कोपऱ्यात इवलासा त्रिकोण किंवा फुली दिसते, आणि माउसचा बाण बटणावर नुसता धरला की ब्राउझरच्या तळाशी भलत्याच संकेतस्थळाचा पत्ता उमटतो. मात्र घाईत असलेल्या माणसाने एवढे निरखून पाहावे ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि सारा धंदा त्या घाईवरच उभा आहे. गूगलने फेब्रुवारी २०१६ मध्ये अशा खोट्या बटणांच्या पानांवर क्रोममध्ये लाल इशारा दाखवायचे जाहीर केले होते; तरीही ही बटणे नाहीशी झालेली नाहीत.

नामवंत संकेतस्थळावर गेले की धोका टळतो, हा समजही इतिहासाला धरून नाही. सीनेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या डाउनलोड डॉट कॉमने २०११ मध्ये एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या मोफत साधनाभोवती स्वतःचा इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्रॅम बसवणारी फाइल, गुंडाळला आणि त्यातून ब्राउझरमध्ये घुसणारे न मागितलेले टूलबार द्यायला सुरुवात केली, तेव्हा एनमॅपचे कर्ते गॉर्डन लायन यांनी डिसेंबरमध्ये त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. मुक्त सॉफ्टवेअरचे माहेरघर मानल्या गेलेल्या सोर्सफोर्जवरून गिंप या चित्रसंपादकाच्या विंडोज आवृत्तीने नोव्हेंबर २०१३ मध्ये काढता पाय घेतला, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत फसव्या डाउनलोड बटणांच्या जाहिरातींचा स्पष्ट उल्लेख होता. पुढे २०१५ मध्ये सोर्सफोर्जने गिंपचे ते सोडून दिलेले खाते आपल्याकडे घेऊन त्यातून जाहिराती जोडलेला इन्स्टॉलर वाटला, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले. २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर नव्या मालकांनी ती जोडयोजना बंद केली, हेही नोंदवायला हवे.

आपल्याकडे व्हीएलसीच्या बाबतीत आणखी एक विचित्र काळ येऊन गेला. फेब्रुवारी २०२२ पासून व्हीएलसी तयार करणाऱ्या व्हिडिओलॅनचे अधिकृत संकेतस्थळ भारतातील अनेक इंटरनेट जोडण्यांवर उघडत नव्हते आणि ही बंदी नोव्हेंबर २०२२ मध्ये उठली. ‘नेहमी मूळ संकेतस्थळावरूनच घ्या’ हा शहाणपणाचा सल्ला त्या नऊ महिन्यांत पाळता येत नव्हता, आणि त्यामुळे सरळमार्गी माणसालाही त्रयस्थ पानांकडे वळावे लागत होते.

विंगेट ही पानेच वाटेतून काढून टाकते. विंडोज ११ मध्ये आणि विंडोज १० च्या १८०९ व त्यापुढील आवृत्त्यांत ते ‘अॅप इन्स्टॉलर’सोबत मिळते आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत विंगेट, इन्स्टॉल आणि प्रोग्रॅमची ओळख असे तीन शब्द रोमन लिपीत टाइप केले की साधारणपणे मूळ प्रकाशकाच्याच पत्त्यावरून फाइल उतरते. प्रत्येक प्रोग्रॅमची नोंद एका खुल्या भांडारात ठेवलेली असते आणि त्या नोंदीत फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला अंकीय ठसा, असतो. उतरलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळला नाही तर विंगेट ती बसवायचे नाकारते. एका संगणकावरील प्रोग्रॅमची यादी फाइलमध्ये काढून दुसऱ्यावर तीच यादी वाचायला देता येते, त्यामुळे सहा संगणकांवर व्हीएलसी, लिबर ऑफिस, सेव्हन-झिप आणि फायरफॉक्स बसवण्याचे माझे काम एका दुपारीच आटोपले. सगळ्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या आणण्यासाठी एकच आज्ञा पुरते, आणि वर्षभरात मला सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला, कारण ‘तुमचे व्हीएलसी जुने झाले आहे’ असे खोटे सांगणारी खिडकी उघडली तरी वाचक आता तिच्याकडे लक्ष देत नाहीत.

दोषही आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. पहिल्या वापराच्या वेळी अटी मान्य आहेत का असे इंग्रजीत विचारले जाते आणि माहितगार नसलेला माणूस तिथेच थांबतो. नुसते व्हीएलसी असे नाव दिले तर मिळतीजुळती अनेक नावे समोर येतात, त्यांत मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीही असतात, आणि नेमके कोणते घ्यावे हे प्रकाशकाचे नाव पाहून आपल्यालाच ठरवावे लागते. म्हणून ओळख संपूर्ण लिहिण्याची सवय लावून घेतलेली बरी. प्रकाशकाने त्याच पत्त्यावरची फाइल बदलली आणि भांडारातील नोंद मागे राहिली, तर काही गैर नसतानाही ठसा जुळत नाही. तसे माझ्याबाबतीत दोनदा झाले आणि दोन्ही वेळा थोडे दिवस वाट पाहावी लागली. पण खोट्या बटणापेक्षा हा नकार मला केव्हाही परवडतो.

मराठी टंकलेखनाची अडचण मात्र विंगेटने सुटत नाही. गूगलचे विंडोजसाठीचे ऑफलाइन इनपुट टूल गूगलने देणे बंद केले आहे, तरी गावोगावचे अर्ज भरून देणारे लोक आजही तेच शोधतात आणि नेमके हिरव्या बटणांच्या पानांवर जाऊन पोहोचतात. त्यांच्यासाठी मी काहीच डाउनलोड करत नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अद्यतनापासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो निवडला की रोमन अक्षरांतून देवनागरी उमटते.

जे सॉफ्टवेअर विंगेटच्या भांडारात नाही, उदाहरणार्थ जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, त्यासाठी पानांवर जावेच लागते. तेवढ्यासाठी फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवले आहे आणि त्यामुळे बहुतेक खोटी बटणे दिसतच नाहीत. क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलल्यावर तिथे त्याची मूळ आवृत्ती चालेनाशी झाली आणि हलकी ‘लाइट’ आवृत्ती तेवढी उरली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या रचना सांगितल्या आहेत आणि वेष पालटलेली जाहिरात त्यांपैकी एक आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आम्ही संगणकांच्या वर लावला आहे. परदेशातून चालणाऱ्या पानावर या तत्त्वांचा कितपत वचक बसेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

एकापेक्षा जास्त संगणक सांभाळणाऱ्या शाळेने, वाचनालयाने किंवा सेवा केंद्राने विंगेट जरूर वापरावे. घरी एकच संगणक असलेल्या आणि काळ्या खिडकीची धास्ती वाटणाऱ्या आजी-आजोबांना मी ते सुचवणार नाही. त्यांच्यासाठी नातवाने एकदा येऊन चार आज्ञा चालवून जाणे पुरेसे आहे. आमच्याकडे वाचकांची खाती आता मर्यादित अधिकारांची केली आहेत, त्यामुळे सगळ्या संगणकासाठी बसणाऱ्या प्रोग्रॅमला परवानगीचा पासवर्ड लागतो, आणि तो मुलगा हल्ली काही हवे असले की प्रोग्रॅमचे नाव चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवतो.