गिअर ऑइल बदललं म्हणाला, स्क्रूला हातही लावला नव्हता

मालवणजवळ देवबागला आमची एक फायबरची होडी आहे, पर्यटकांना फिरवायची. मी आणि चुलतभाऊ मिळून चालवतो. डॉल्फिन, संगम, त्सुनामी आयलंड, हेच रोजचं. मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन, म्हणजे होडीला मागे टांगलेलं इंजिन; त्याच्या पाण्यातल्या खालच्या टोकाला पंखा आणि तो फिरवणारे गिअर, ते तेलात बुडालेले. गेल्या मे महिन्याच्या शेवटी सीझन बंद झाला, होडी वर ओढली, झापांनी शाकारली आणि मशीन सर्व्हिसिंगला देऊन आलो. देऊन आलो, हीच चूक. पावसात मेकॅनिकच्या पत्र्याखाली कोण उभं राहणार, असा विचार केला.

मेकॅनिकचं नाव, गाव सांगत नाही. ऑगस्टमध्ये मशीन आणायला गेलो तेव्हा त्याने बाकाखालून कोल्ड्रिंकची लिटरची बाटली काढून दाखवली. गळ्यापर्यंत भरलेली, काळीकुट्ट. "ह्या बगा काका, तुमचा जुना तेल. काय हालत झाली हा!" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, इतके दिवस मशीनला आपण काय पाजत होतो म्हणून. चिठ्ठीवर हिशेब होता: गिअर ऑइल 600, पंख्याच्या शाफ्टचं (दांड्याचं) सील किट, म्हणजे पाणी आत जाऊ न देणाऱ्या रबरी कड्या, 1,400, प्रेशर टेस्ट 600, मजुरी 1,200. एकूण 3,800 रुपये मुकाट्याने दिले, वर दिवाळीपर्यंत बघायला नको असं त्याचं आश्वासन घेऊन आलो.

ती बाटली एकदा नाकाला लावली असती तरी पुरे होतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, हाताला लागलं तर साबणानेही लवकर जात नाही. दुसरं म्हणजे आमच्या मशीनच्या गिअरमध्ये अर्धा लिटरही तेल मावत नाही. मग लिटरभर निघालं कुठून? टू-स्ट्रोकमध्ये इंजिनचं तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, खाली साठतच नाही, त्यामुळे तेही नव्हे. कुठल्या तरी मोटरसायकलचं काढलेलं तेल होतं ते. किती जणांना दाखवून झालं असेल कोण जाणे.

दिवाळीच्या सुट्टीत, बोटीत आठ पर्यटक असताना, संगमाजवळ खालून कुरकुर ऐकू आली. भाऊ म्हणाला, पंख्यात काही अडकलं असेल. मी मशीन न्यूट्रलला घेऊन परत गिअर टाकला, कट्ट असा आवाज झाला, आणि इंजिन जोरात चालू पण पंखा जागच्या जागी. ओहोटी लागलेली, पाणी बाहेर ओढत होतं. नांगर टाकला आणि ओळखीच्या होडीला फोन केला. पाऊण तासाने किनाऱ्याला लागलो. माणसं सुखरूप उतरली, त्यांचे पैसे परत केले, पुढची सुट्टी बसून काढली.

दुसऱ्या मिस्त्रीने मशीन आमच्यासमोर उघडलं. गिअरचं तेल काढायला खाली एक स्क्रू असतो, त्याच्याकडे बघून तो हसलाच. मार्चमध्ये मीच त्या भागावर निळ्या रंगाचा ब्रश फिरवला होता; स्क्रूच्या खाचेत तो रंग तसाच, न तडकलेला. म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी स्क्रूला ड्रायव्हर लागलाच नव्हता. स्क्रू सैल केल्यावर आधी पाणी आलं, त्यामागून दुधाळ चहासारखं तेल. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्यावर बारीक करडी पेस्ट दिसली तर घाबरायचं कारण नसतं. आमच्याकडे तुकडे होते, दातांचे. मग त्याने पंखा काढला. शाफ्टभोवती तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळून घट्ट कोंडाळं झालेलं, ते सीलच्या ओठात शिरून सील चिरलेलं. त्याच वाटेने पाणी आत गेलं. पंखा काढल्याशिवाय ते सील बदलताच येत नाही, आणि पंखा काढला असता तर कोंडाळं दिसलंच असतं. 1,400 रुपयांचं सील किट फक्त चिठ्ठीवर होतं. गिअर, बेअरिंग, मजुरी धरून 36,000 गेले.

ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी गिअर ऑइल बदलायचं काम समोर उभं राहून करून घ्या, नाहीतर सरळ स्वतः करा. तासाभराचं काम आहे. मशीन रात्रभर उभं ठेवा, पाणी जड म्हणून तळाला बसतं आणि सकाळी खालचा स्क्रू जरा ढिला केला की तेच आधी टपकतं. मग वरचा स्क्रू काढा, तेल पूर्ण जाऊ द्या. नवीन तेल खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचं, वरून ओतायचं नाही, हवा आत अडकते. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा आणि मगच पंप काढून खालचा. दोन्हींचे वायसर नवीन घाला, दहा-वीस रुपयांसाठी जुने वापरू नका. तेलाचा ग्रेड मशीनच्या पुस्तकात असतो. आमच्याला 90 नंबरचं लागतं. साधारण 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलतात, पण खाऱ्या पाण्यात मी त्याआधीच एकदा खालचा थेंब बघतो. प्रेशर टेस्टचे, म्हणजे सीलमधून गळती आहे का हे हवा भरून बघण्याचे, पैसे लावणार असेल तर हवा भरून काटा पाच-दहा मिनिटं हलत नाही हे दाखवायला सांगा.

पहिल्या मेकॅनिककडे गेलो होतो. सुरुवातीला म्हणाला, खारा पाणी आहे, मी काय करू. निळ्या रंगाचा फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला. हजार रुपये हातावर ठेवले, उरलेले शिमग्याला देतो म्हणाला. पक्की पावती नव्हती, चिठ्ठीवर त्याची सही नाही, पोलिसात काय नेणार.

शिमगा होऊन दोन महिने झाले. काल संध्याकाळी अंगणात मशीन उभं करून खालचा स्क्रू मी स्वतः ढिला केला. पाणी नाही, मधासारखं तेल उतरलं. बायको म्हणते, हात धुऊन आल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही.