विशारद झाले, शिकवायला आत्ता शिकले: संगीत शिकवणाऱ्यांसाठीच्या दादरच्या ८ रविवारांच्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि शिकवणाऱ्या मॅडम मनापासून चांगल्या आहेत, त्यांना उगाच ताप नको. ज्यांना खरंच जायचंय ते दादरला चार क्लासवाल्यांना विचारून शोधतीलच.

तर मी गांधर्वची (गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांची) विशारद, भांडुपला घरीच हॉलमध्ये गाणं आणि पेटी शिकवते, चार वर्षं झाली. पोरं यायची, सहा महिने टिकायची आणि मग कुणाची सेमिस्टर, कुणाचं स्विमिंग असं करत एकेक गळायचं. मी म्हणायचे आजकालच्या पोरांना पेशन्सच नाही. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा दिल्या मी, ताना घोटल्या, रागांची शास्त्रीय माहिती तोंडपाठ केली, पण सात वर्षांचं पोरगं पहिल्या दिवशी समोर येऊन बसलं तर त्याला काय द्यायचं हे मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. माझ्या बाईंनी मला जसं शिकवलं तसंच मी शिकवत होते, फक्त मी बाईंकडे गेले तेव्हा तेरा वर्षांची होते हे विसरून.

वर्कशॉप म्हणजे ८ रविवार, १० ते १, फी ६,५००. आम्ही बारा जण, निम्मे गाणारे, तीन पेटीवाले, दोन तबला आणि परळचा एक गिटारवाला मुलगा जो ट्रिनिटीच्या (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या) ग्रेड परीक्षांची तयारी करून घेतो. पहिला दीड तास मॅडम बोलतात, ते ठीकठाक. खरा माल दुसऱ्या अर्ध्यात आहे. तिथे खरीखुरी नवशिकी पोरं येतात, आसपासच्या बिल्डिंगमधली, ज्यांनी कधी काही शिकलेलं नाही, आणि तुम्ही सगळ्यांसमोर त्यातल्या एकाला १५ मिनिटं शिकवायचं, बाकीचे वही घेऊन बघणार.

माझा नंबर दुसऱ्या रविवारी. आठ-नऊ वर्षांची गोड मुलगी होती, मला वाटलं छानच झालं. संपल्यावर त्या गिटारवाल्याने मोबाइल पुढे केला, त्याने स्टॉपवॉच लावलं होतं. पंधरापैकी अकरा मिनिटं मीच बोलत किंवा गात होते! मॅडम एवढंच म्हणाल्या, "अगं, तू फार सुरेल गातेस, पण ती कधी गाणार?" बारा जणांसमोर. भांडुपपर्यंत कान गरम होते माझे.

पण सगळे पैसे वसूल झाले ते तिसऱ्या रविवारी. एक मुलगा आला, सूर लावला की खालीच जायचा, पार खर्जात घुमत राहायचा. आमच्यातल्या तिघांनी प्रयत्न केला, सगळ्यांचं एकच, हात वर करून "वर, अजून वर". तो बिचारा अजून जोरात ओरडायचा. मॅडमनी पेटी बंद केली, तानपुऱ्याचं ॲप बंद केलं आणि तो जो काही सूर लावत होता तोच स्वतः लावला, त्याच्याबरोबर धरून ठेवला, म्हणाल्या हा तुझा सा. मग तिथून अर्धा सूर वर, तो आला, परत थोडं वर, तो आला. पाच-सात मिनिटांत पोरगा पेटीच्या सा वर उभा. नंतर त्यांनी सांगितलं की याच्या कानात काहीच खोट नाही, त्याला 'वर' म्हणजे 'मोठ्याने' वाटतंय. आणि वाटणारच ना, घरी आई ओरडते आवाज चढवू नकोस आणि इथे ताई सांगते आवाज वर ने! मी चार वर्षांत निदान तीन पोरांच्या आयांना "सूर लागत नाही हो त्याचा, तबला बघा" असं सांगून मोकळी झालेय. त्या रात्री ती तिन्ही पोरं आठवत होती.

पट्टीचंही, म्हणजे सा कुठे धरायचा त्याचंही, तसंच. मी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गाते म्हणून माझ्याकडे सगळेच काळी चार. त्यात एक बासष्ट वर्षांचे काका आहेत, रिटायर्ड, बँकेतले, ते बायकांच्या बॅचमध्ये बसून नुसते घसा ताणायचे आणि पंचमाच्या (प च्या) पुढे गेले की खोकायचे. पुरुषाला काळी एक, काळी दोनच्या आसपास सा लागतो हे मला माहीत नव्हतं का, होतं, पण बॅच सोयीची पडते म्हणून चाललं होतं. आता काकांची वेळ वेगळी केली, काळी एकवर मजेत गातात, फक्त दुसऱ्याच आठवड्यात अभंग कधी घेणार विचारलं. आवाज फुटणाऱ्या मुलांबद्दलही नीट सांगितलं, की बारा-चौदाच्या वयात सा खाली आणायचा, तार सा चा (वरच्या सप्तकातल्या सा चा) हट्ट सोडायचा आणि मुख्य म्हणजे हे होणारच आहे असं त्याला आधीच सांगून ठेवायचं म्हणजे तो लाजून क्लास सोडत नाही.

अलंकारांची, म्हणजे सरावाच्या पलट्यांची, एक साधी गंमत. सारेग, रेगम, गमप पोरं पाढ्यासारखं म्हणतात, आपण खूश. त्यांना म्हणायचं 'पधनी' पासून सुरू कर. नव्वद टक्के मनात परत सा पासून मोजतात, बघाच करून. म्हणजे पाठ झालंय, कळलेलं नाही. कळेपर्यंत भूप रागाचं गाणं द्यायची घाई नको असं मॅडमचं म्हणणं, कारण भूपात म आणि नी नाहीत, ग वरून थेट प वर जायला ती जागा कानात आधी बसलेली लागते. हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. गाणं दिलं नाही तर आया विचारतात महिनाभर काय केलं.

पेटीवाल्यांसाठी कमी होतं पण होतं ते कामाचं. लहान मुलाच्या खाली चादरीची घडी घालायची, नाहीतर खांदे कानापर्यंत चढतात. पहिले दोन दिवस सूर वाजवायचेच नाहीत, पेटीची एकच पट्टी (बटण) दाबून भाता (हवा भरायचा मागचा पडदा) किती हळू चालवता येतो ते बघायचं, कारण पोरं प्रत्येक सुराला एक धक्का देतात. आणि पांढरी एकच्या सप्तकात (पहिली पांढरी पट्टी सा धरून) सारेग तीन बोटांनी झाल्यावर म ला अंगठा खालून न्यायचा, ही सवय पहिल्याच आठवड्यात, नंतर मोडता मोडत नाही.

आता तक्रारी. तबल्याच्या दोघांना जवळपास काहीच मिळालं नाही, त्यांनी फी परत मागायला हवी होती असं माझं मत. नोट्स म्हणजे वहीच्या पानांचे तिरके फोटो व्हॉट्सॲपवर, कोमल सुराची खालची रेघ आहे की कागदाची ओळ तेच कळत नाही. एका रविवारी फी, बुडालेले तास, मे महिन्याची सुट्टी, सोसायटीतल्या शेजाऱ्यांची दुपारची झोप हे सगळं घेणार होते, ज्यासाठी खरं तर मी सगळ्यात उत्सुक होते, आणि ते पाऊण तासात "आपापलं ठरवा" वर संपलं. मी स्वतःच आता महिन्याची फी आगाऊ आणि बुडलेल्या तासांपैकी एकच भरून देणार असं ठरवलंय, दोन आया नाराज आहेत. आणि हॉलला पंखे दोन, त्यातला एक बंद.

६,५०० मध्ये गाणं शिकवणाऱ्यांनी डोळे झाकून जावं, पेटीवाल्यांनी विचार करून, तबलावाल्यांनी थांबावं. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे. मध्य रेल्वेवाल्यांनी रविवारचा मेगाब्लॉक बघून निघा, मी दोनदा उशिरा पोचले आणि दोन्ही वेळा खांबामागची जागा मिळाली. सतरंजीवर तीन तास बसायचंय, पाठीला उशी न्या.