ई-मुलाकात, पत्र आणि मनीऑर्डर : जेलमधल्या भावाशी आठ महिने संपर्क ठेवताना

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे जेलमधल्या मुलाकाती बंद झाल्या तेव्हा नानाला आत जाऊन सात महिने झाले होते. नाना म्हणजे माझा मोठा भाऊ. खटला कोर्टात आहे, त्यावर इथे काही लिहीत नाही. आमचं गाव अमळनेर तालुक्यात आणि तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या जेलमध्ये, एसटीने पाच तास. मुलाकातीच्या दिवशी पहाटे चारला निघायचं, आधारकार्ड घेऊन रांगेत थांबायचं, जाळीपलीकडून गोंगाटात काही मिनिटं ओरडून बोलायचं आणि रात्री उशिरा घरी. ते सगळं एका झटक्यात थांबलं. रेल्वे बंद, एसटी बंद. जिल्ह्याबाहेरची एसटी २० ऑगस्टला सुरू झाली, जिल्हा ओलांडायला लागणाऱ्या ई-पासची अट सप्टेंबरच्या सुरुवातीला गेली, पण जाळी आमच्यासाठी उघडली नाही.

त्याआधी २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने जेलमधली गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितली, तेव्हा घरात फार आशा लागली होती. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांना तात्पुरतं सोडण्याचा विचार आधी होणार होता. नानाचं कलम त्याच्या वरचं. वकिलांनी हे सांगितलं त्या दिवशी वहिनीने चूल पेटवली नाही. मग आमच्या हातात एवढंच उरलं की त्याच्याशी बोलणं तुटू द्यायचं नाही.

पहिला आधार ई-मुलाकातचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या भेटीचा मिळाला. सरकारच्या ई-प्रिझन्स पोर्टलवर ही सोय आहे आणि ती फुकट आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण नंबर लावून देतो म्हणत एकाने माझ्याकडे पाचशे रुपये मागितले होते. फॉर्ममध्ये आपलं नाव, पत्ता, ओळखपत्र, मोबाईल नंबर, बंद्याशी नातं, कोणतं जेल हे भरायचं. मोबाईलवर ओटीपी येतो, मंजुरी मिळाली की कॉलची वेळ कळते. बंद्याचं नाव जेलच्या रेकॉर्डवर जसं आहे तसंच टाका. आम्ही घरात बोलतो ते नाव टाकलं आणि पहिला आठवडा वाया गेला. वकिलांकडच्या कागदावर पाहून लिहिलं तेव्हा जमलं. पुढे जेलच्याच स्मार्टफोनवरून व्हिडिओ कॉल यायला लागला. तो अनोळखी नंबर असतो, म्हणून त्या दिवशी कुठलाही फोन कापायचा नाही, हा घरातला नियम झाला.

आमची खरी अडचण रेंजची. घर जुनं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. आत फोनवर चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. रेंज फक्त धाब्यावर. त्यामुळे कॉलच्या वेळेला आम्ही सगळे शिडीने वर, मायसुद्धा. माय सत्तरीची आहे, तिला साखरेचा त्रास आहे. पहिल्या कॉलला चित्र लागलं आणि नाना दिसला: तोंडाला मास्क, केस बारीक केलेले, मागे एक पांढरी भिंत. मायने फोन दोन्ही हातांनी धरला आणि तीन मिनिटं फक्त "बरा शे ना रे भाऊ?" एवढंच विचारत राहिली. आमच्या वाट्याला एका वेळी दहा मिनिटं यायची.

जुलैतल्या कॉलचं सांगतो. माय बोलत होती, सगळं छान आहे, पाऊस चांगला आहे, कपाशी गुडघ्याला लागली. बोलता बोलता तिचा हात खाली आला आणि फोनचं तोंड जमिनीकडे झालं. तिकडून नाना एकदम म्हणाला, "माय, पाय दखाड." उजव्या पायाला पट्टी होती. ती म्हणाली, "काही नही रे भाऊ, काटा लागना." नाना बोलायचा थांबला. मग माझं नाव घेऊन म्हणाला, उद्या हिला अमळनेरला डॉक्टरकडे ने, आणि पुढच्या कॉलला मला पाय दाखवायचा. काटा दहा दिवसांपूर्वी लागला होता आणि जखम चिघळत चालली होती. मी रोज घरात असून मला ते कळलं नव्हतं. जाळीपलीकडून त्याला मायचे पाय कधीच दिसले नसते. पूर्वी आम्ही त्याच्याकडे जायचो. व्हिडिओमुळे नाना घरी यायला लागला: त्याने गोठा पाहिला, नवं वासरू पाहिलं, पोराचा पडलेला दात पाहिला. या एका गोष्टीसाठी मी ई-मुलाकातला पैकीच्या पैकी गुण देईन.

पण कॉलमध्ये वहिनीला जागा नव्हती. दहा मिनिटांत माय, मी, पोरगा, आणि तिकडे शेजारी जेलचा माणूस उभा. ती मागे पदर धरून उभी राहायची, "जेवता ना नीट?" एवढं विचारायची आणि वेळ संपायची. तिच्यासाठी पत्रच खरं. अडीच रुपयांचं अंतर्देशीय पत्र, रात्री सगळे निजल्यावर लिहिलेलं. आत जाणारं पत्र उघडून वाचलं जातं हे तिला माहीत होतं, तरी ती लिहायची. खटल्याबद्दल मात्र पत्रात किंवा कॉलवर अक्षर काढू नका, ते वकिलांशीच बोला. उत्तर यायला कधी बारा दिवस, कधी महिना. नानाची पत्रं ती कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात ठेवते, पावसाळ्यात धाबं गळतं म्हणून. आतापर्यंत अकरा झालीत. त्यातलं एक तिने मला वाचायला दिलं. त्यात अर्धं पान बांधावरच्या निंबाबद्दल होतं, त्याची सावली कपाशीवर पडते म्हणून मी तो तोडायचं म्हणत होतो. नानाने लिहिलं होतं, मी येईपर्यंत राहू दे. निंब तसाच ठेवला आहे.

पैसे पाठवायचे तर मनीऑर्डर. कमिशन तेव्हा वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे हजाराला पन्नास. पैसे बंद्याच्या खात्यावर जमा होतात आणि त्यातून तो जेलच्या कँटीनमधून साबण, तेल, बिस्किटं घेतो. फॉर्मवर पूर्ण नाव आणि बंदी क्रमांक दोन्ही लिहा. आमची एक मनीऑर्डर क्रमांक चुकल्यामुळे परत आली आणि तो महिना त्याने दुसऱ्याच्या साबणावर काढला. हे त्याने पत्रातही लिहिलं नाही, सुटून आलेल्या एका पोराकडून कळलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

महामारी गेल्यावर जाळीची मुलाकात सुरू होईल आणि आम्ही जाऊच, असं आम्ही तेव्हा म्हणायचो. मायला त्याला समोर पाहायचं होतं. पण व्हिडिओची सोय बंद करू नये, ही माझी कळकळीची मागणी आहे. मजुरी करणाऱ्या माणसाला एका मुलाकातीसाठी दिवसाची रोजी आणि दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं घालावं लागतं. नंदुरबार, साक्रीकडच्या पाड्यांवरून येणाऱ्यांना तर आदल्या दिवशीच निघावं लागतं. अशा घरांतली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं जेलपर्यंत पोचतच नाहीत.

मायची जखम दिवाळीच्या आधी भरली. तरी कॉल लागला की नाना अजून आधी फोन खाली करायला सांगतो, आणि माय लुगडं घोट्याच्या वर धरून दोन्ही पाय दाखवते.