जंगलालगतची जमीन आणि विदेशी हॉटेलचा बोर्ड : भाडेपट्टा, व्यवस्थापन करार की फ्रँचायझी?

ताडोबाच्या मोहर्ली-कोलारा पट्ट्यात किंवा पेंचच्या सिल्लारी-खुर्सापार बाजूला पाच-सात एकर वावर असलेल्या कास्तकाराकडे आज ना उद्या कुणीतरी "मोठ्या विदेशी हॉटेलचा" प्रस्ताव घेऊन येतं. तेव्हा एक गोष्ट आधीच माहीत असावी. आंतरराष्ट्रीय कंपन्या भारतात सहसा जमीन घेत नाहीत आणि इमारतही बांधत नाहीत. बोर्डावर नाव एकाचं, पैसा दुसऱ्याचा, जमीन तिसऱ्याची, असा हा धंदा असतो. पेंचच्या मध्य प्रदेश बाजूला ताज सफारीज आली, तीही आफ्रिकेतल्या सफारी लॉज चालवणाऱ्या कंपनीशी भागीदारी करून. त्यामुळे "कंपनी कोणती?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की यात तुम्ही जमीनवाले आहात की पैसेवाले?

फक्त जमीन असेल तर

भाडेपट्टा हाच तुमचा मार्ग. पट्टा घेणारा बहुधा एखादा गुंतवणूकदार असेल, ब्रँड नव्हे. म्हणून बोर्डावरचं नाव बघून सही करू नका, भाडं देणाऱ्याचा ताळेबंद बघा. भाडं ठरवताना "किमान ठरावीक रक्कम किंवा उलाढालीचा टक्का, यातलं जे जास्त ते" असं लिहून घ्या. नुसता टक्का धरला तर पावसाळ्यात हाती काही येत नाही, कारण गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतं. बांधकामाच्या दीड-दोन वर्षांत भाडं माफ मागतात. ते द्यायला हरकत नाही, पण माफी संपण्याची तारीख लिहा. "हॉटेल सुरू झाल्यापासून" असं लिहिलं तर अर्धवट सांगाडा उभा राहतो आणि भाडं सुरूच होत नाही.

मुदतीचं गणित मुद्रांक शुल्कात दडलेलं आहे. महाराष्ट्रात 10 ते 29 वर्षांच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या 50 टक्के रकमेवर शुल्क लागतं, 29 च्या वर गेलं की 90 टक्के रकमेवर. नूतनीकरणाची अटही मुदतीत मोजली जाते. 29 वर्षांचे पट्टे जास्त दिसतात ते यामुळेच. एक वर्षाहून मोठा पट्टा नोंदणीकृतच लागतो. शंभराच्या स्टँपवरची नोटरी इथे चालत नाही. आणि पट्टेदाराला कर्ज काढायचं असेल तर त्याने आपल्या पट्ट्याच्या हक्कावर काढावं. तुमच्या मालकीवर बोजा चढणार नाही, हे वाक्य करारात हवंच.

त्याआधी सातबारा नीट बघा. बहिणींची नावं असतील तर त्यांच्या सह्या लागतील. भोगवटादार वर्ग-2 (शासनाकडून अटींवर मिळालेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला भाड्यानेसुद्धा परवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकारी पुरतात, त्यापुढे राज्य शासनाची मान्यता लागते. अकृषक परवानगी आणि परिसंवेदनशील क्षेत्राचा (जंगलाभोवतीच्या निर्बंधांच्या पट्ट्याचा) नकाशा यांवरच बरेच प्रस्ताव अडकतात. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत नवं व्यावसायिक हॉटेल सहसा होत नाही. धुऱ्यापर्यंत पांदण रस्ताच येत असेल तर अग्निशमनाच्या गाडीचंही बघावं लागेल.

पैसाही तुमचाच असेल तर

मग व्यवस्थापन करार की फ्रँचायझी, हा प्रश्न येतो. पहिल्यात हॉटेल कंपनी चालवते आणि तोटा तुमचा असतो. दुसऱ्यात नाव आणि आरक्षणाची यंत्रणा कंपनीची, चालवता तुम्ही, आणि तोटा तरीही तुमचाच.

व्यवस्थापन करारात मूळ शुल्क साधारण एकूण उलाढालीच्या 2 ते 3 टक्के, त्यावर कार्यकारी नफ्याच्या (हॉटेल चालवण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेच्या) 6 ते 10 टक्के, शिवाय फर्निचर-यंत्रसामग्री बदलण्यासाठी 4 टक्क्यांच्या आसपास राखीव, असा प्रघात आहे. आता हिशेब मांडू. 40 खोल्या, दर ₹8,000, वर्षभरात निम्म्या भरलेल्या : 7,300 खोली-रात्री, म्हणजे ₹5.84 कोटी. जेवणखाण वगैरे धरून उलाढाल ₹8.5 कोटी. कार्यकारी नफा 30 टक्के धरला तर ₹2.55 कोटी. त्यातून मूळ शुल्क 25.5 लाख, नफ्यावरचं 8 टक्के शुल्क 20.4 लाख आणि राखीव 34 लाख गेले की उरतात सुमारे ₹1.75 कोटी. 12 कोटींचं कर्ज 10 टक्क्यांनी, 12 वर्षांत फेडायचं असेल तर पहिल्या वर्षी व्याज 1.20 कोटी आणि मुद्दल 1 कोटी. म्हणजे विमा आणि मालमत्ता कर धरायच्या आधीच 45 लाखांची तूट. कंपनीचं मूळ शुल्क मात्र तूट असो वा नसो, वरच्यावर निघतं. म्हणून मूळ शुल्क पहिली तीन वर्षं कमी ठेवून हळूहळू वाढवून घ्या. कर्जाचा हप्ता भरून उरलं तरच नफ्यावरचं शुल्क, हेही मागा. सलग दोन वर्षं ठरलेलं उद्दिष्ट हुकलं तर दंड न भरता करार मोडायचा हक्क हवा. याच कंपनीचा दुसरा बोर्ड ठराविक अंतरात लागणार नाही, हेही लिहून घ्या, नाहीतर तीच कंपनी पुढच्या गेटावर तुमची स्पर्धक होते.

फ्रँचायझीत शुल्क खोल्यांच्या उत्पन्नावर लागतं, 8 ते 10 टक्के धरा. शिवाय मॅनेजर तुम्हालाच शोधायचा, आणि तो नागपूरहून रोज ये-जा करत नाही. खोलीमागे दीड माणूस धरला तर 40 खोल्यांना 60 माणसं लागतात. निम्म्यांच्या राहण्याची सोय आराखड्यातच हवी. ती विसरली की पहिल्याच उन्हाळ्यात स्वयंपाकी पळतात. कुटुंबात आधीपासून लॉज किंवा मंगल कार्यालय चालवणारं कुणी असेल तरच फ्रँचायझीकडे वळा. 20 खोल्यांच्या आत तर ब्रँडच्या दारी जाऊच नये, तेवढ्या धंद्याला ते शुल्क झेपत नाही. तिथे कृषी पर्यटन किंवा निवास-न्याहारी योजना बरी.

दर ठरवताना जीएसटीची पायरी बघा. ₹7,500 पर्यंत 5 टक्के, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. दर त्याच्या वर गेला की 18 टक्के. म्हणजे ₹7,500 ची खोली पाहुण्याला ₹7,875 ला पडते आणि ₹7,600 ची ₹8,968 ला. ₹7,500 च्या जरासा वर दर ठेवणं शुद्ध वेडेपणा.

गावाशी भागीदारी कुणाची कशी

वाघ सगळ्यांचा एकच. गेटवरच्या गाड्या मोजक्या, जिप्सी आणि गाईड वनविभागाकडे नोंदलेले, बहुतेक गावातलेच. त्यामुळे सफारीच्या जोरावर एक हॉटेल दुसऱ्याच्या पुढे जात नाही. फरक पडतो तो ताटात, पाण्यात आणि माणसांत.

भाजीचे करार फसतात त्याचं कारण साधं आहे : पावसाळ्यात भाजी निघते तेव्हा पाहुणे नसतात आणि मे महिन्यात पाहुणे भरपूर असतात तेव्हा विहिरीला पाणी नसतं. बचत गटाशी वर्षाचा एकच आकडा न ठरवता महिनावार ठरवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ताजी भाजी, बारमाही कोरडा माल : तूरडाळ, जवस, तांदूळ, भिवापुरी मिरची, वायगावची हळद. ब्रँडेड हॉटेलची 60 दिवसांची उधारी गटाला मारते. माल तयार करणाऱ्या गटाची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करारातही 45 दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत. 15 दिवस मागा. भाडेपट्ट्यात ही अट तुम्ही जमीनमालक म्हणून घालू शकता. व्यवस्थापन करारात खरेदी कंपनीच्या हाती असते, तेव्हा सही करण्याआधीच घालावी लागते. नंतर कुणी ऐकत नाही.

पाण्याचं तर आधीच ठरवा. पोहण्याचा तलाव, बाग आणि धुलाई धरून खोलीमागे रोज 750 लिटर हिशेबात घ्या. 40 खोल्यांना 30,000 लिटर. एप्रिलमध्ये गावची विहीर आटली की ग्रामपंचायत हॉटेलच्या बोअरकडे बोट दाखवते, ते खरं असो वा नसो. बोअरला मीटर लावा, दरमहा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, बागेला सांडपाणी शुद्ध करून वापरा.

आणि प्रस्ताव घेऊन येणाऱ्याकडे त्यांच्या दुसऱ्या जंगल-हॉटेलचे मागल्या तीन वर्षांचे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे महिनावार आकडे मागा. वार्षिक सरासरी दाखवली तर चहा पाजा आणि कागद घरी ठेवून घ्या, सही नको.